मागचा डोंगर

गेल्या पावसाळ्यात मी तैलरंगांच्या नादाला लागलो. घर डोंबिवलीला, गच्चीवरून मलंगगडाची रांग दिसते. म्हटलं, आपला डोंगर आपणच रंगवू. पहिलं आभाळ आठ दिवस वाळेना! जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं, हे नंतर वाचलं. आणि डोंगर? तो समोरच्या आंब्याच्याही पुढे येऊन उभा राहिला. ठाण्याला ज्यांच्याकडे शनिवारी शिकायला जातो ते सर म्हणाले, "अरे, मधली हवा कुठे गेली?" लांबचं हिरवं आपल्याला हिरवं दिसतच नाही. ते निळसर-राखाडी होतं, कडा विरघळतात.

तेव्हा आजीच्या देवघरातली रवि वर्म्याची लक्ष्मी आठवली. लक्ष्मी हजारदा पाहिली असेन, मागचं पाणी आणि झाडी कधी पाहिलीच नव्हती. या मागच्या भागाला एक इतिहास आहे.

१८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथिलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तैलरंग पिशवीत टाकून डोंगरापर्यंत नेता येऊ लागले. मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ चं. रवि वर्मा मात्र कुठल्याच स्कूलमध्ये गेला नाही. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन त्रावणकोर दरबारी आला, तेव्हा त्याला काम करताना फक्त बघायची परवानगी मिळाली. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड नाही, नुसता डेमो :-)

पण मला जास्त भावतो तो त्याचा धाकटा भाऊ, सी. राजा राजा वर्मा. वयात बारा वर्षांचं अंतर. थोरल्याचे प्रवास, गिऱ्हाइकं, हिशेब यांत हा सोबत. इंग्रजीत रोजनिशी लिहायचा, ती छापूनही आली आहे. मुख्य म्हणजे हा निसर्गचित्रकार. स्वतःची निसर्गचित्रं करायचाच, शिवाय थोरल्याच्या चित्रांत मागचा देखावा बरेचदा याच्या हातचा. सही थोरल्याची! ज्यांनी कधी दुसऱ्याच्या नावाने जाणाऱ्या रिलीजसाठी रात्री जागवल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला निघाला आणि १८९९ मध्ये मळवलीला गेला. एकेका रंगाला एकेक दगड, असे थरावर थर छापून ओलिओग्राफ व्हायचा. म्हणजे तो मागचा देखावाही घराघरांत पोचला, बिननावाचा. घाटकोपरहून मळवलीची गाडी ठाणे, डोंबिवली, कल्याण करतच जाते. इथला लोहमार्ग १८५४ चा. त्या खिडकीतून राजा वर्म्याने मलंगगड पाहिला असेल का? पुरावा काही नाही, पण मला आपलं वाटतं, पाहिला असणार.

१९०५ मध्ये तो गेला, आणि पुढच्याच वर्षी थोरलाही. असो.

गेल्या रविवारी डोंगराच्या हिरव्यात अल्ट्रामरीन, किंचित बर्न्ट सिएना आणि भरपूर पांढरा मिसळला. पातळ थर दिला, कडा कोरड्या ब्रशने पुसल्या. डोंगर थोडा मागे सरकला. आई चहा घेऊन आली, क्षणभर बघून म्हणाली, "मलंगगड ना रे?"

आंबा अजून बाकी आहे.