संपत्ती, गुंतवणूक आणि दान : ख्रिस्ती परंपरेतील विचार आणि हॅरोचा जॉन लायन

हॅरो-ऑन-द-हिलच्या टेकडीवरील सेंट मेरी चर्चमध्ये जॉन लायन या सधन शेतकऱ्याचे दफन झाले आहे. तो प्रेस्टनचा, म्हणजे आजच्या प्रेस्टन रोड स्थानकाच्या परिसरातला. तो 1592 मध्ये निवर्तला. त्याच्या नावाशी आज दोन संस्था जोडलेल्या आहेत : हॅरो स्कूल आणि जॉन लायन्स चॅरिटी. धन कसे मिळवावे, कोठे गुंतवावे आणि कसे द्यावे, या प्रश्नांकडे ख्रिस्ती परंपरा कशी पाहते, हे समजून घेण्यास त्याच्या दानाचा साडेचार शतकांचा इतिहास उपयोगी पडतो.

धर्मग्रंथांतील भूमिका

धन हे स्वभावतः पाप आहे, असे बायबल सांगत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोष दिला आहे तो द्रव्याच्या लोभाला, द्रव्याला नव्हे. लूकच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंत शेतकरी पीक उदंड आले म्हणून कोठारे वाढवण्याचा बेत करतो आणि त्याच रात्री मरण पावतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मात्र धन्याने सोपवलेला पैसा वाढवणाऱ्या चाकरांची प्रशंसा होते आणि तो जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला बोल लागतो. या दोन्ही कथांमागे एकच कल्पना आहे : मनुष्य मालक नसून कारभारी आहे, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

दानाच्या मोजमापाबाबतही दोन धारा आढळतात. जुन्या करारात उत्पन्नाचा दशमांश सांगितला आहे. नव्या करारात पौलाचा भर ठरावीक हिश्शापेक्षा स्वेच्छेवर आणि आनंदाने देण्यावर आहे. मार्कच्या बाराव्या अध्यायातील गरीब विधवेची दोन नाणी श्रीमंतांच्या देणग्यांहून मोठी ठरतात, कारण तेथे माप रकमेचे नाही, त्यागाचे आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने आपल्या प्रवचनात याची तीन पायऱ्यांची शिस्त मांडली : सचोटीने शक्य तितके मिळवा, शक्य तितकी बचत करा, शक्य तितके द्या. तिसरी पायरी गाळली, तर पहिल्या दोन माणसाला घातक ठरतात, असा त्याचा इशारा होता.

व्याज आणि भाडे

मध्ययुगीन चर्चला व्याज निषिद्ध होते. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्यांना धर्मविधींपासून वंचित ठेवण्याचा निर्णय केला. पुढे कॅल्विनने माफक व्याजाला मर्यादित मान्यता दिली. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या 1545 च्या कायद्याने दहा टक्क्यांपर्यंतचे व्याज सोसले, 1552 मध्ये ती सवलत रद्द झाली आणि 1571 मध्ये नव्या कायद्याने निर्बंध पुन्हा सैल केले. जमिनीच्या भाड्यावर असा आक्षेप नव्हता. त्यामुळे कायमस्वरूपी दानासाठी शेतजमीन हे निर्वेध साधन होते.

लायनची योजना

1572 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या सनदेने लायनच्या शाळेला अधिष्ठान मिळाले. त्याच्या मालमत्तेत आजच्या मेडा व्हेल भागातील शेतजमीनही होती. लंडनहून हॅरोकडे येणाऱ्या हॅरो रोड व एजवेअर रोड या दोन रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी तिचे उत्पन्न खर्चावे, अशी तरतूद होती. रस्त्याची डागडुजी हे धर्मादाय कार्य कसे, असा प्रश्न आज पडेल. परंतु 1601 च्या धर्मादाय कायद्याच्या प्रस्तावनेत शाळा व निराधारांसोबत पूल आणि महामार्गही नोंदलेले आहेत.

शहर वाढले, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि भाडे वाढत गेले. दरम्यान रस्त्यांची जबाबदारी शासकीय यंत्रणांकडे गेली होती. अखेर 1991 पासून हे उत्पन्न हॅरो, ब्रेंट, बार्नेट, ईलिंग आदी भागांतील मुले व तरुण यांच्या कार्यासाठी अनुदानरूपाने दिले जाऊ लागले.

शाळेची कहाणी इतकी सरळ नाही. स्थानिक मुलांना मोफत शिक्षण हा मूळ हेतू होता, पण बाहेरगावच्या मुलांकडून शुल्क घेण्याची मुभाही होती. त्या मुभेतूनच शाळा उच्चभ्रूंची झाली. आपला हक्क डावलला जात असल्याची तक्रार घेऊन हॅरोचे रहिवासी चान्सरी न्यायालयात गेले. 1810 च्या निकालाने शाळेचे स्वरूप बदलले नाही. 1876 मध्ये स्थानिक मुलांसाठी वेगळी शाळा निघाली. तीच आजची जॉन लायन स्कूल. दात्याची इच्छा कितीही शुद्ध असली, तरी नियमांतील एक फट तिची दिशा बदलू शकते, हा यातील धडा आहे.

केडगावचे उदाहरण

महाराष्ट्रात हाच विचार पंडिता रमाबाईंच्या कार्यात दिसतो. 1887 मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या साहाय्याची हमी दिली आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली व फळबाग लावली. परकीय देणगीवर कायम विसंबून न राहता संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे, ही ती दृष्टी होती.

आजचा व्यवहार

गुंतवणूक कोठे करावी, हा प्रश्नही आता श्रद्धेशी निगडित मानला जातो. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्च कमिशनर्सनी 2023 मध्ये तेल व वायू उत्पादक कंपन्यांतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. त्याआधी 2022 मध्ये बटलर-स्लॉस खटल्यात उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की संभाव्य आर्थिक तोट्याचा साकल्याने विचार करून, संस्थेच्या उद्दिष्टाशी विसंगत गुंतवणूक विश्वस्त टाळू शकतात.

ब्रिटनमधील वाचकांसाठी गिफ्ट एडचे गणित महत्त्वाचे आहे. 100 पौंड दिल्यास संस्थेला सरकारकडून आणखी 25 पौंड मिळतात. 40 टक्के दराने कर भरणाऱ्याला स्वतःच्या विवरणपत्रातून 25 पौंडांची सवलत मागता येते. मात्र तेवढा कर दात्याने ब्रिटनमध्ये भरलेला असावा लागतो आणि संस्थाही येथील मान्यताप्राप्त असावी लागते. गावच्या शाळेला थेट पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. शिवाय भारताच्या 2010 च्या परकीय देणगी नियमन कायद्यानुसार पारपत्र निर्णायक ठरते : भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गे दिलेली रक्कम परकीय देणगी गणली जात नाही, ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची मात्र गणली जाते, आणि ती स्वीकारण्यास त्या संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. देण्यापूर्वी एवढी चौकशी न केल्यास चांगल्या हेतूने पाठवलेली रक्कम स्वीकारणारी संस्थाच अडचणीत येऊ शकते.

धर्म कोणताही असो, लायनच्या दानातून तीन प्रश्न प्रत्येक दात्यापुढे उभे राहतात : पैसा कोणत्या मार्गाने वाढतो आहे, तो कोणाच्या हाती सोपवला आहे, आणि आपल्या पश्चात त्याचा हिशेब कोण विचारणार आहे? मृत्युपत्र लिहिण्याआधी त्यांची उत्तरे कागदावर उतरवलेली बरी.