कावेरीकाठचा दंड

तमिळनाडूतल्या कुंभकोणम आणि नाचियारकोविलच्या परिसरात ‘दंडम्’ हा शब्द रोज कानावर पडतो. लेखी तमिळमध्ये त्याचा अर्थ दंडाची रक्कम असा आहे. शिक्षेला ‘दंडनै’ म्हणतात. बोलण्यात मात्र वाया गेलेला पैसा, फुकट गेलेला दिवस, कामाला न येणारी वस्तू, हे सगळेच ‘दंडम्’. न कमावता घरी बसून जेवणाऱ्या मुलाला ‘दंडच्चोरु’ असा टोमणा बसतो. ‘सोरु’ म्हणजे भात. मराठीत ‘फुकटचा भुर्दंड’ म्हणताना माणूस जसा चडफडतो, तीच चडफड या शब्दातही आहे.

मूळ संस्कृत दंड म्हणजे काठी. चोळांच्या राज्यात ही काठी खरोखरच पाठीवर बसत असे. चिनी अधिकारी चाओ रुकुआ याने 1225 साली लिहून ठेवले आहे की, साध्या गुन्ह्याला लाकडी चौकटीला बांधून पन्नास, सत्तर, कधी शंभर फटके देत; घोर गुन्ह्याला शिरच्छेद होई किंवा हत्तीच्या पायी दिले जाई. देवळांच्या भिंतींवरचे शिलालेख मात्र दंडाची दुसरी बाजू दाखवतात. करार मोडणाऱ्याने अमुक कळंजु सोने ‘धर्मासना’कडे, म्हणजे न्यायपीठाकडे, भरावे अशी कलमे त्यांत वारंवार येतात. दंड जप्तीचाही असे. सुंदर चोळ राजाचा मुलगा आदित्य करिकाल याच्या खुनातले द्रोही अधिकारी होते. त्यांच्या व नातलगांच्या जमिनी राजराज चोळाच्या दुसऱ्या राज्यवर्षात जप्त होऊन विकल्या गेल्याचे उडैयारगुडीचा शिलालेख सांगतो.

सर्वांत विलक्षण दंड दिव्याचा. शिकारीत जनावरावर सोडलेला बाण माणसाला लागला, भांडणात हेतू नसताना कोणाचा जीव गेला, तर नाडूची, म्हणजे परगण्याची, किंवा गावाची सभा बसे आणि मारणाऱ्याला देवळात नंदादीप लावायला सांगे. तमिळमध्येही त्याचे नाव ‘नंदाविळक्कु’. एका दिव्याला 96 मेंढ्या, अर्ध्या दिव्याला 48. कळप धनगराच्या हवाली होई आणि तो रोज एक उळक्कु तूप देवळात पोचवी. या कळपाला ‘सावा मूवा पेराडु’, न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या, म्हणत; कारण मेलेल्यांची जागा कोकरांनी भरून आकडा कायम ठेवणे धनगरावर बंधनकारक होते. मृताच्या नावाने वात जळत राही आणि सूडाची साखळी तुटे. हेतू आणि अपघात यांत केलेला हा भेद त्या सभांच्या शहाणपणाचा पुरावा मानायला हवा. नाचियारकोविलची पितळी समई आज प्रसिद्ध आहे. तिचा उद्योग मात्र या नंदादीपांहून बराच अलीकडचा.

1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि या मुलखात मराठी दरबाराची भाषा झाली. मराठी निवाड्यांत एकाच गुन्ह्याला दोन दंड असू शकत: सरकारात भरायचा राजदंड आणि प्रायश्चित्ताचा देवदंड. पहिल्याने दिवाणाचे देणे फिटे, दुसऱ्याने माणूस पंक्तीत परत येई. तंजावरचे राज्य 1855 साली संपले, तरी कुंभकोणमच्या काही घरांत मराठी अजून बोलली जाते.

नाचियारकोविलमध्ये या शब्दाला आणखी एक वळण आहे. हे गाव म्हणजे 108 वैष्णव दिव्यदेशांपैकी तिरुनरैयूर, दगडी गरुडासाठी ख्यात. वैष्णव घरांत वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना ‘दंडन् समर्पित्तु’ अशी सुरुवात करीत: काठी जमिनीवर पडावी तसा देह टाकून केलेला नमस्कार, मराठीतला दंडवत.

1860 च्या भारतीय दंड संहितेच्या नावातच हा शब्द होता. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कायद्याच्या नावातून दंड गेला. कलमांत तो अजून आहे.