माळवद

माळवद हे जाड भिंतींवर किंवा लाकडी खांबांवर मातीचे सपाट छत असलेले पारंपरिक घर होय. कोरड्या व उष्ण हवामानाच्या मराठवाड्यात, जुना जालन्यासारख्या जुन्या वस्त्यांत आणि खेड्यांच्या गावठाणांत हा प्रकार रूढ होता. खानदेशात अशा घरास धाब्याचे घर म्हणतात.

रचना

भिंती दगडमातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असतात. खांबांवर तुळया, त्यांवर सरे आणि सऱ्यांवर लाकडी चिपांची किलचन बसवतात. त्यावर पालापाचोळा पसरून मातीचा जाड थर धोपटून घट्ट करतात. छतातील साण्यातून उजेड येतो व धूर बाहेर जातो. पावसाचे पाणी पन्हळीवाटे वाहून जाते. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात आणि घराचा आकार खणांवरून सांगितला जातो.

तापमान नियंत्रण

माती सावकाश तापते व सावकाश निवते. त्यामुळे दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत बाहेरची हवा थंड होऊ लागते. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असलेल्या वाळवंटी प्रदेशांतील मातीच्या घरांमागेही हेच तत्त्व आहे. लाकूड व माती पुन्हा वापरता येतात. मात्र पावसाळ्यापूर्वी दरवर्षी छताची डागडुजी करावी लागते.

भूकंप आणि ऱ्हास

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले. अनघड दगडांच्या भिंतींचे आतील व बाहेरील थर सांधणारे लांब दगड नव्हते. मातीच्या सांध्यांची पकडही कमकुवत होती. हादऱ्यांनी हे थर सुटले आणि भिंती व छताचा भार झोपलेल्या लोकांवर कोसळला. त्यानंतर माळवदाविषयी भीती बसली व सिमेंटच्या आणि पत्र्याच्या छतांचा प्रसार वाढला. पत्र्याचे छत हलके असले, तरी उन्हात लवकर तापते. इराणच्या वाळवंटी प्रदेशातील बाम शहरातही २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपात मातीच्या इमारतींची मोठी हानी झाली.

सुधारणा

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३८२७ (मातीच्या इमारती) व आयएस १३८२८ (कमी ताकदीचे दगड-वीटकाम) या १९९३ च्या मानकांत भूकंपरोधक बांधणीचे मार्गदर्शन आहे. भिंतींना आडवे पट्टे देणे, सांधणारे दगड घालणे, खांब-तुळयांना तिरके आधार देणे आणि छतावरील जादा माती काढणे हे मुख्य उपाय आहेत. थर पातळ केल्यास भार कमी होतो, पण गारवाही घटतो. त्यामुळे भार भिंतींऐवजी आधार दिलेल्या लाकडी सांगाड्यावर घेणे आणि छताची जाडी मर्यादित ठेवणे हा माळवदाच्या नव्या रचनेतील मध्यम मार्ग ठरतो.