‘काही करत नाही’ : एका उत्तराचा इतिहास

देशोदेशींच्या श्रमशक्तीचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट प्रथमदर्शनीच जाणवते. पुरुषांचा रकाना देशागणिक फारसा हलत नाही. स्त्रियांचा मात्र दहा टक्क्यांच्या खालपासून ऐंशीच्या वरपर्यंत हेलकावे खातो. या फरकाची शिक्षण, रूढी, उद्योगधंद्यांचे स्वरूप अशी कारणे दिली जातात, आणि ती खोटी नाहीत. पण आम्ही पडलो भाषेची माणसे. आकड्याआधी आमची नजर शब्दावर जाते. ‘काम’ हा शब्द कोणी, कधी आणि कोणासाठी ठरवला?

मराठीत ‘ती कामाला जाते’ असे म्हटले की ती दुसऱ्याच्या घरची भांडी घासते, हे सांगावे लागत नाही. तीच बाई स्वतःच्या घरची भांडी घासते तेव्हा ती ‘घरीच असते’. हा भेद केवळ बोलीतला नाही. शिरगणतीच्या दप्तरातही तो आहे, आणि तेथे तो केव्हा शिरला याची नोंद सापडते.

इंग्लंडच्या 1851च्या जनगणनेत पत्नी, माता, गृहिणी यांच्यासाठी व्यवसायांचा एक स्वतंत्र वर्ग केला होता. त्यांची कर्तव्ये मोलाची आहेत, हे सिद्ध करायला युक्तिवादाची गरज नाही, अशा आशयाचे समर्थन अहवालातच आहे. शेतकऱ्याची बायको, खाणावळवाल्याची बायको, चांभाराची बायको यांची गणना नवऱ्याच्या धंद्यासोबत होत असे. कारण दुकान कोण सांभाळते हे गणकालाही दिसत होते. 1881 साली याच गृहिणी ‘बिनधंद्याच्या’ वर्गात जाऊन पडल्या. तीस वर्षांत इंग्लंडमधल्या चुली विझल्या नव्हत्या. विझला होता तो एक रकाना. अमेरिकेतही हे घडत होते, आणि तेथील स्त्रिया गप्प बसल्या नव्हत्या. 1878 साली ‘असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ विमेन’ या संस्थेने, घर चालवणाऱ्या स्त्रियांना उत्पादक मानले जात नाही, अशी तक्रार थेट काँग्रेसकडे केली. तिचा उपयोग झाला नाही. पुढे क्लॉडिया गोल्डिन यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा व्यवसायाच्या जागी नुसते ‘पत्नी’ लिहिलेल्या अनेक स्त्रिया शेतावर वा घरगुती धंद्यात राबत होत्या असे दिसले. त्यांच्या दुरुस्तीनुसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विवाहित स्त्रियांचे कामातले प्रमाण सरकारी आकड्याच्या जवळजवळ तिप्पट होते. 2023चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले, त्यामागे असे हिशेब आहेत.

भारतातली शिरगणती ही ब्रिटिश राजवटीत सुरू झालेली प्रथा. स्वातंत्र्यानंतर ती आपली झाली, पण ‘कामकरी कोण?’ हा पेच सुटला नाही. 1961 साली व्याख्या सैल होती : हंगामी कामात दिवसाला तासभर नियमित काम केले तरी व्यक्ती कामकरी धरली जाई. स्त्रियांचे प्रमाण भरले सुमारे 28 टक्के. 1971 साली प्रश्न बदलला. आधी मुख्य व्यवहार कोणता ते विचारायचे, बाकीचे काम दुय्यम म्हणून वेगळे लिहायचे. आता कल्पना करा : दारात गणक उभा आहे, उत्तर बहुधा घरातला कर्ता पुरुष देतो आहे, आणि प्रश्न आहे ‘हिचा मुख्य व्यवहार कोणता?’ शेण, पाणी, निंदणी, मळणी या सगळ्यांवर एकच उत्तर, ‘घरकाम’. प्रमाण सुमारे 12 टक्क्यांवर आले. पुरुषांचा आकडाही उतरला, पण 57वरून साडेबावन्नच्या आसपास एवढाच.

हा केवळ कारकुनी फरक म्हणून सोडता येत नाही. फुलरेणु गुहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल 1974 साली आला, तो स्त्रियांच्या कामाच्या घसरणीची चिंता घेऊनच. आमच्या मते ती चिंता योग्यच होती. गिरण्यांत, खाणींत, हातमागावर स्त्रियांची जागा खरोखर जात होती. पण खरी घसरण किती आणि प्रश्नाने केलेली किती, याची फोड करणे त्यामुळे अवघड झाले. जिचा रोजगार गेला आणि जिची नोंद गेली, त्या दोघी कागदावर सारख्याच दिसतात. 1991च्या प्रश्नावलीत घरच्या शेतावरचे विनामोबदला कामही धरावे, असे स्पष्ट लिहावे लागले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर तरी एकवाक्यता असेल, असे वाटते. 1982 साली श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेने आठवड्यात एक तासाचे काम पुरेसे मानले. 2013 साली त्याच परिषदेने घरातले स्वयंपाकपाणी, मुलाबाळांचे करणे हे अखेर ‘काम’ असल्याचे मान्य केले. पण त्याच ठरावाने ‘काम’ आणि ‘रोजगार’ वेगळे केले, आणि केवळ घरच्या खाण्यापुरते पिकवणारी बाई रोजगारातून बाहेर पडली. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले म्हणायचे! नवी व्याख्या लावणारे देश आणि जुनीवर राहिलेले देश यांचे तक्ते शेजारी ठेवायचे म्हणजे दोन वेगळ्या मापांचे धान्य एका पोत्यात भरण्यासारखे आहे.

आपल्याकडील नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग 2017-18 साली 23.3 टक्के होता, 2023-24 साली तो 41.7 झाला. या वाढीतला मोठा भाग ग्रामीण, त्यातही स्वयंरोजगारातला, घरच्या शेतात वा धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्यांचा आहे. कोणी याला प्रगती म्हणतात, कोणी अडचणीपोटी आलेले राबणे. याच सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत 93 हा एक संकेतांक आहे : घरकाम, शिवाय सरपण-वैरण गोळा करणे आणि घरच्यापुरते शिवणे-विणणे. दिवसभर एवढे करून जिच्या नावापुढे हा आकडा पडतो, ती अजूनही श्रमशक्तीच्या बाहेर मोजली जाते.