ब्युटी पार्लर आणि सलूनचे प्रशिक्षण : कासू परिसरातून कोणते मार्ग आहेत?

केस, त्वचा आणि नखे यांची निगा राखण्याच्या व सजवण्याच्या शास्त्रशुद्ध कामाला कॉस्मेटॉलॉजी म्हणतात. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, केस कापणे व रंगवणे, मेकअप ही सगळी कामे त्यात येतात. मुंबई–गोवा महामार्गावरच्या कासूसारख्या गावात पार्लर किंवा सलून कमी भांडवलात, अगदी घरातल्या एका खोलीतही सुरू होऊ शकते. त्यामुळे अनेकांची पहिली अडचण असते ती म्हणजे शिकायचे कुठे?

परवाना लागतो का?

अमेरिकेत राज्याचा परवाना नसेल तर हे काम करता येत नाही. कॅलिफोर्नियात त्यासाठी किमान 1,000 तासांचे प्रशिक्षण लागते. भारतात असा व्यवसाय परवाना नाही. त्यामुळे कुणीही क्लास काढू शकतो आणि स्वतःचे प्रमाणपत्रही देऊ शकतो. फी भरण्याआधी ते प्रमाणपत्र कोणाचे आहे हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

सरकारमान्य मार्ग

* आयटीआय : कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. अखिल भारतीय परीक्षेनंतर मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालते. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी संस्थांची यादी पाहावी.
* जन शिक्षण संस्थान : शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी हा मार्ग सोयीचा आहे. महिलांना फी माफ असते. ही योजना 1967 मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून सुरू झाली.
* आरसेटी : बँकांमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. पार्लरचा कोर्स सुमारे महिनाभराचा आणि मोफत असतो. राहण्याजेवणाचीही सोय असते. रायगडची संस्था अलिबागला आहे, कासूहून वडखळमार्गे तिथे जाता येते.
* पीएम विश्वकर्मा : 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या या योजनेत नाभिक व्यवसाय आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने कर्ज मिळते.

चांगला क्लास कसा ओळखावा?

खासगी क्लास लहान असला म्हणून वाईट नसतो. विद्यार्थी कमी असले तर शिकवणाऱ्याचे प्रत्येकाच्या हाताकडे लक्ष राहते. मात्र प्रात्यक्षिक खऱ्या ग्राहकांवर होते का आणि स्वच्छता शिकवली जाते का, हे पाहावे.

हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून प्रत्येक ग्राहकासाठी वस्तऱ्याला नवे ब्लेड लावावे लागते. केसांच्या अनेक काळ्या रंगांत पीपीडी हे रसायन असते. त्याची ॲलर्जी असलेल्यांचा चेहरा सुजू शकतो. त्यामुळे रंग लावण्याच्या 48 तास आधी त्वचेवर थोडासा लावून चाचणी घेतात. जिथे ही चाचणी शिकवत नाहीत, तो क्लास टाळलेला बरा.

दुकान सुरू करताना

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार 20 पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती, मान्य प्रमाणपत्रासह, बँकेत कर्ज मागताना उपयोगी पडते.