आयतवारची कमाई

काही वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला म्हणून मी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सहज विचारले, "रविवारी काय करता?" मी म्हणालो, "आठवड्यात राहिलेली कामे." ते हसले. "मग तुमचा आठवडा संपतो कधी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. रोज अर्धा तास चाला, वेळेवर जेवा, पुरेशी झोप घ्या, हे सल्ले आपल्याला तोंडपाठ असतात. अडते ते वेळेशी. घरी परतताना मला आजोबांचा आयतवार आठवला.

आजोबा रत्नागिरीकडून मुंबईत आले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. रविवारला ते आयतवारच म्हणत. त्या दिवशी सकाळी डोक्याला तेल, सावकाश आंघोळ, दुपारी मासळीचे जेवण आणि मनसोक्त झोप, संध्याकाळी दादरच्या चौपाटीपर्यंत पायी फेरी आणि रात्री चाळीतले भजन. 'ताण' हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. पण तो आयतवार त्यांना मिळाला कसा, हे मला पन्नाशी उलटल्यावर वाचून कळले.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. गिरणीचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तासांचे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे जवळून पाहिले होते. ते जोतीराव फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या की आश्चर्य वाटते. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. आजचा डॉक्टर जो सल्ला देतो, त्यातला निम्मा या कागदावर आहे. विश्रांती, जेवणाची वेळ, उद्याची काळजी कमी करणारी मिळकत. फरक एवढाच, की आपण हे स्वतःकडे मागतो आणि त्यांनी ते मालकांकडे मागितले.

मागणी लगेच मान्य झाली नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेले.

ताणाने शरीराचे काय होते, याचे शास्त्र पुष्कळ नंतरचे. १९३६ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात हान्स सेली या संशोधकाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी असो, अति श्रम असो की विषारी द्रव्य, उंदरांच्या शरीरात बिघाड सारखाच होई. मूत्रपिंडावरील ग्रंथी मोठ्या होत, जठरात व्रण पडत. या अवस्थेला 'स्ट्रेस' हे नाव त्यानेच पुढे रूढ केले. १९५३ मध्ये लंडनच्या बसकर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. चालणे, श्वासाकडे लक्ष देणे, विसावा घेणे या जुन्या सवयींना अशी शास्त्राची साक्ष मिळत गेली.

पण सवय लागायला मोकळा वेळ हवा, आणि तो एकदा मिळाला म्हणजे कायमचा आपला असे नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर निदान अंधार पडला की साचे थांबत. दिवे आल्यावर काम पुन्हा चौदा-पंधरा तासांवर गेले. कायद्याने ते १९११ मध्ये बारा तासांवर आणले, १९२२ मध्ये आठवड्याला ६० तासांवर, आणि १९४६ मध्ये ४८ तासांवर. आजोबांची संध्याकाळची फेरी या आकड्यांतून आली होती.

आजचा विजेचा दिवा आपल्या खिशात असतो. कचेरीचा निरोप रात्री अकराला येतो आणि आपण तो उघडतो. मीही उघडत होतो. गिरणीमालकाने सक्ती केली तर लोक सभा भरवतात. आपण आपल्या हातानेच दिवा लावला तर तक्रार कोणाकडे करायची? म्हणून मी साधा नेम केला. रविवारी फोन कपाटात, सकाळी तासभर चालणे, दुपारी झोप. पहिले दोन-तीन रविवार फार बेचैनीत गेले. मग सवय झाली. गोळी सुटली नाही, पण झोप सुधारली, आणि घरातली माणसे म्हणाली की तुमचा आवाज खाली आला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लोखंड्यांबद्दल वाचत बसलो होतो, तो दिवस रविवारचाच. स्वयंपाकघरात आमच्याकडच्या बाई भांडी घासत होत्या. गेली अकरा वर्षे त्या दर रविवारी येत होत्या, आणि त्यांना आयतवार कधी असतो, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटले, "बाई, आता रविवारी येऊ नका. पगार तोच राहील." त्यांना आधी वाटले, काम सुटले. समजल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मग लेकीकडं जाऊन येईन."

आता रविवारची भांडी मी घासतो. तेवढाच व्यायाम. आणि मित्रहो, पुढच्या रविवारी सावकाश चहा घेताना आपल्या घरी, इमारतीत, दारात येणाऱ्यांपैकी कोणाला आयतवार नाही, एवढे एकदा मोजून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)