पाठीवरच्या पंपाचे घट्ट बक्कल : सवय कशी लावावी?

राहुरी : जनावर बांधताना सुरगाठ मारावी, निरगाठ मारू नये, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. दावणीला ओढ बसली किंवा गोठ्यात आग लागली, तर एका हिसक्यात सुटेल तीच गाठ खरी. पाठीवरच्या फवारणी पंपाच्या आणि गवत कापणी यंत्राच्या जाड पट्ट्यांना झटकन सुटणारे बक्कल असते, ते याच कारणासाठी. मात्र नव्या पट्ट्याचे बक्कल पुष्कळदा इतके घट्ट असते की, नावापुरतीच सुरगाठ आणि प्रत्यक्षात निरगाठ, अशी त्याची अवस्था होते.

मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस आणि कांदा पिकविणाऱ्या राहुरी तालुक्यात ही साधने घरोघरी पोहोचली आहेत. १६ लिटरचा पंप भरला की पाठीवरचे ओझे वीस किलोच्या आसपास जाते. झाकणातून किंवा नळीच्या जोडातून औषध पाठीवर झिरपू लागल्यास पंप तत्काळ उतरविणे, भिजलेले कपडे काढणे आणि अंग साबणाने धुणे आवश्यक ठरते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध अंगावर राहू देणे किती महागात पडते, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

प्लॅस्टिकच्या बक्कलात दोन लवचिक पाकळ्या असतात. आत सरकताना त्या दबतात आणि खाचेत पोहोचल्यावर फाकून अडकतात. साच्यातून निघालेल्या नव्या मालाच्या कडांवर बारीक धार राहते, त्यामुळे पाकळ्या घासतात. पट्टा पिळलेला असेल किंवा खाचेत माती गेली असेल, तरीही बक्कल अडते. म्हणून प्रथम पट्टा सरळ करावा, बक्कल कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवावे आणि सावलीत वाळवावे. नंतर रिकाम्या हाताने, दोन्ही पाकळ्या सारख्याच दाबून ते पन्नास-साठ वेळा लावावे व सोडावे. एका बैठकीत हे काम उरकण्याची घाई नसावी. दोन-तीन दिवस थोडे थोडे केल्यास कडा आपोआप गुळगुळीत होतात. तरीही खरखर राहिल्यास पाकळ्यांच्या बाहेरील अंगावर मेणबत्तीचे मेण हलके घासावे.

जुन्या कातडी जोत्याला तेल पाजून मऊ करण्याची रीत येथे चालत नाही. तेल-ग्रीसवर काळ्या मातीची धूळ बसते आणि आठवडाभरात बक्कल पूर्वीपेक्षा घट्ट होते. काडीपेटीने शेकल्यास पाकळी कायमची वाकते. कानशीने अडकण घासणे तर सर्वांत घातक, कारण मग ओझ्याखाली बक्कल आपोआप सुटण्याचा धोका राहतो.

खरी परीक्षा भाराखाली होते. ताण आला की पाकळ्या खाचेच्या कडेवर ओढल्या जातात आणि हातात सहज उघडणारे बक्कल पाठीवर अडून बसते. यासाठी पंपात साधे पाणी, आधी पाव आणि मग पूर्ण भरून, फवारणीचे ओले रबरी हातमोजे घालून, न पाहता, आधी उजव्या व नंतर डाव्या हाताने ते सोडून पाहावे. अडल्यास बांधावर टेकून ओझे किंचित उचलावे आणि मग दाबावे; ही युक्ती प्रत्यक्ष प्रसंगीही उपयोगी पडते. पंप एकाएकी घसरू नये म्हणून सरावाच्या वेळी दुसरा माणूस मागे असावा. एवढे करूनही दोन हात लावावे लागत असतील, तर बक्कल बदलून घ्यावे.

विहिरीत उतरताना किंवा खांबावर चढताना वापरायच्या सुरक्षा पट्ट्यांना यांतील कोणताही उपाय करू नये, मेणसुद्धा लावू नये. भारतात त्यांच्यासाठी आयएस ३५२१ हे स्वतंत्र मानक आहे. असा पट्टा घट्ट निघाल्यास तो न वापरता विक्रेत्याकडे परत द्यावा.